मोठ्या काकूचा ग्लास आणि र. धों. कर्वे

न्यू जर्सीचे काका-काकू आणि त्यांचा मुलगा सुट्टीवर आले होते. कुलदैवताला जायचं होतं, म्हणून विकांताला हरिहरेश्वरला जाऊन आलो. गाडी माझी, ड्रायव्हर मी, टूरिस्ट गाईडही मीच. शुक्रवारी हापिसातून जरा लवकर सटकलो (मॅनेजर हे वाचत नाही, वाचत असला तरी त्याला मराठी येत नाही). ताम्हिणी उतरताना एसी बंद करून काचा खाली घेतल्या आणि रात्री साडेदहाला गावच्या घरी पोचलो.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. श्रीवर्धन तालुक्यात आहे, एवढं पुरे. चुलतभावाचंही नाव नको, त्याला आपण ज्युनिअर म्हणू. वय वर्षं पंधरा. मराठी समजतं, बोलतोही, फक्त क्रियापदं स्वतःच्या मर्जीने लावतो.

शनिवारी सकाळी देवदर्शन झालं. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, अशी इथली रीत. ओहोटी होती म्हणून प्रदक्षिणेच्या वाटेने खाली उतरलो. लाटांनी खडकात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पाडली आहे, ती पाहत ज्युनिअर माझ्यामागून चालत होता. अचानक त्याने विचारलं,

"दादा, मोठी काकू वेगळ्या ग्लासातून का पाणी पिते?"

मी म्हटलं, "तिचा ग्लास आहे तो. नाव घातलंय ना."

"नाव तर सगळ्या भांड्यांवर आहे. पण तो ग्लास ती वेगळा धुते. आणि वेगळ्या फळीवर ठेवते."

मी "बघ, तिथे खेकडा" असं काहीतरी म्हटलं. खेकडा खरंच होता. पण उत्तर मला माहीत होतं, आणि मी ते दिलं नाही.

आता थोडी पार्श्वभूमी. मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, मुंबईत टेम्पो चालवायचे. १९९९ साली गेले, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. "टीबीने गेले" असं घरात सांगतात. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना एकदा बाबांनी, टीव्हीवरची नजर न हटवता, एका वाक्यात सांगितलं, "तुझ्या मोठ्या काकांना एड्स होता. काकूलाही लागण आहे. बाहेर बोलू नकोस." पुढे विषय बंद. मीही प्रश्न विचारला नाही.

विचारणार तरी कसा? आम्हा मुलांना एड्स म्हणजे एक डिसेंबर, आणि एक डिसेंबर म्हणजे लाल फितीचं चित्र. पोस्टर स्पर्धेत मला दुसरा नंबर मिळाला होता. ती फीत नेमकी कशासाठी, हे काढणाऱ्याला माहीत नव्हतं आणि बक्षीस देणाऱ्याने सांगितलं नाही. पुढे शाळेत प्रजननाचा धडा आला तेव्हा सरांनी "हा घरी वाचा" म्हणून पुढचा धडा काढला. (घरी तो सगळ्यांनी वाचला. त्या वर्षी पुस्तकाची तेवढीच पानं मळली होती.)

पण यात सरांचा एकट्याचा दोष नव्हता. केंद्र सरकारने २००५ साली शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला. एचआयव्हीपासून बचाव हा त्यामागचा एक मुख्य हेतू होता. २००७ साली आपल्या संस्कृतीत हे बसत नाही असं म्हणत काही राज्यांनी तो थांबवला. त्यात महाराष्ट्र होता. म्हणजे मी पाचवीत असताना, माझ्याच राज्यात, माझ्याच घरात एक माणूस जाऊन आणि एक बाई आजारी असताना, मला हे कळू नये असं ठरलं होतं!

गंमत अशी, की हे सगळं मराठीत त्याच्या ऐंशी वर्षं आधी लिहून झालं होतं. आणि लिहिणारा माणूस हरिहरेश्वरच्या समोरच्या किनाऱ्याचा.

रविवारी बागमांडल्याहून फेरीबोटीत गाडी चढवली आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो. इकडे रायगड, तिकडे रत्नागिरी. वेश्वीहून वेळासला जायचं तर उजवीकडे (नाना फडणवीसांचं गाव, आता कासवांसाठी प्रसिद्ध), आणि केळशी-आंजर्ले करत खाली गेलं की मुरूड. जंजिऱ्याचं नव्हे हं, दापोलीचं. काकांना दुर्गादेवीचं देऊळ बघायचं होतं. मला कर्व्यांचं गाव.

कर्वे म्हटलं की आपल्याला महर्षी आठवतात. धोंडो केशव कर्वे. पहिली बायको राधाबाई वारल्यावर त्यांनी १८९३ साली विधवेशी, म्हणजे गोदूबाईंशी, पुनर्विवाह केला आणि मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. वाळीत टाकणं म्हणजे काय हे आमच्या पिढीला समजावून सांगावं लागतं. पंगतीला बोलावणं नाही, पाण्याला शिवायचं नाही, घरी जाणं-येणं नाही. तेव्हा त्यांचा थोरला मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. एका माणसाच्या ताटापाण्यावरून अख्खं गाव काय करू शकतं, हे त्याने लहानपणीच पाहिलं.

हा रघुनाथ म्हणजे र. धों. कर्वे. जन्म मुरूडचा, १४ जानेवारी १८८२. मॅट्रिकला पहिला, विषय गणित, फर्ग्युसनचा पदवीधर. पुढे पॅरिसला जाऊन गणिताचं आणखी शिक्षण घेतलं आणि मुंबईत विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. बसून राहिले असते तर आयुष्य आरामात गेलं असतं. पण या माणसाला एकच खोड होती. समोर चूक दिसली की कारण शोधायचं आणि ते मोठ्याने सांगायचं. (आमच्या टीममध्ये असा एक जण आहे. त्याला कोणी क्लायंट कॉलवर घेत नाही.)

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी मेरी स्टोप्सबाईंनी लंडनमध्ये आपलं केंद्र काढलं होतं. म्हणजे "पाश्चात्त्यांचं अनुकरण शंभर वर्षांनी" हा प्रकार इथे नव्हताच, दोन्हीकडे एकाच वर्षी सुरुवात झाली. कर्व्यांनी संततिनियमनावर पुस्तक लिहिलं, आणि "गुप्तरोगांपासून बचाव" या विषयावर वेगळं पुस्तक लिहिलं. हे दुसरं पुस्तक मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तेव्हाची परिस्थिती बघा. गरमी आणि परमा हे रोग लोकांना नावाने माहीत होते. पेनिसिलिनचा शोध १९२८चा, आणि ते औषध म्हणून हाती यायला चाळीसचं दशक उजाडलं. गरमीवर आर्सेनिकची इंजेक्शनं होती, ती महाग आणि त्रासदायक. त्यात मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले हजारो पुरुष. बायको-मुलं गावाला, आपण चाळीच्या खोलीत दहा-बारा जणांत. बोटीने गणपतीला गावी जायचं आणि मनीऑर्डर पाठवायची. मनीऑर्डरीसोबत रोगही गावी जात होता, आणि तो झालेल्या बाईला आपल्याला काय झालंय हे सांगणारं कोणी नव्हतं. अशा वेळी औषधापेक्षा माहिती स्वस्त आणि जास्त उपयोगी होती. रोग कसा होतो, टाळायचा कसा, निरोध कसा वापरायचा. कर्व्यांनी ती माहिती सरळ मराठीत दिली.

१९२५ साली विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. मिशनऱ्यांच्या कॉलेजला हा प्रचार मानवणारा नव्हता. नोकरी गेल्यावर माणूस गप्प बसतो. कर्व्यांनी जुलै १९२७मध्ये "समाजस्वास्थ्य" हे मासिक काढलं आणि ते मरेपर्यंत, सव्वीस वर्षं, चालवलं. लिहायचे बहुतेक स्वतःच. पैसे कधी सुटले नाहीत. पत्नी मालतीबाईंनी ही सगळी ओढाताण सोसली. मूल होऊ द्यायचं नाही हा दोघांचा निर्णय होता, आणि त्यासाठी शस्त्रक्रिया कर्व्यांनी स्वतःवर करून घेतली. आजही आपल्याकडे ही शस्त्रक्रिया बहुतेक वेळा बायकोचीच होते, म्हणून मुद्दाम लिहिलं.

"समाजस्वास्थ्य"मधला माझ्या मते सगळ्यात धाडसी भाग म्हणजे वाचकांचे प्रश्न आणि कर्व्यांची उत्तरं. मुखपृष्ठावरचं नग्न चित्र नव्हे, ते तर लगेच दिसतं. लोक पत्र पाठवून विचारायचे. हस्तमैथुनाने वेड लागतं का, समलिंगी आकर्षण म्हणजे विकृती का, अमुक झालं तर तमुक होतं का. कर्वे गणिताच्या मास्तरासारखं कोरडं उत्तर द्यायचे. उपदेश नाही, लाजवणं नाही. प्रश्न आला, हे उत्तर.

याची किंमत चुकवावी लागली. १९३१ साली "व्यभिचाराचा प्रश्न" या लेखावरून अश्लीलतेचा खटला, शंभर रुपये दंड. १९३४ साली दुसरा खटला, आणि तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून! या खटल्यात कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा, की लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, आणि कोणी शंका विचारली तर जाणकाराने तिला उत्तर द्यायचं नाही तर काय करायचं? खटला हरले. दोनशे रुपये दंड.

म्हणजे शिक्षा प्रश्न विचारणाऱ्याला झाली नाही. उत्तर देणाऱ्याला झाली. मला वाटतं आपल्या घरांनी या निकालातून नेमका धडा घेतला. :)

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. १४ ऑक्टोबर १९५३ला कर्वे गेले, नोव्हेंबरमध्ये "समाजस्वास्थ्य"चा शेवटचा अंक निघाला. १९५८ साली शंभरीतल्या वडिलांना भारतरत्न मिळालं. मुलाच्या नावावर दोन दंड. पुढे अमोल पालेकरांनी २००१ साली "ध्यासपर्व" हा सिनेमा काढला, २०१७ साली अतुल पेठ्यांनी अजित दळवींचं "समाजस्वास्थ्य" नाटक बसवलं. ही दोन्ही कामं झाली म्हणून आमच्यासारख्यांना हा माणूस निदान नावाने तरी माहीत आहे.

हे सगळं मी मुरूडच्या किनाऱ्यावर ज्युनिअरला सांगितलं. (दंडाचे आकडे त्याला फार आवडले.) मग तो म्हणाला, "दादा, आमच्या स्कूलमध्ये हेल्थ क्लासमध्ये हे सगळं शिकवतात. बट बाबांनी फॉर्मवर सही केली. मी त्या युनिटला लायब्ररीत बसला होतो."

न्यू जर्सीत पालकांना तशी मुभा आहे. आपल्या मतांत बसत नसेल तर मुलाला त्या भागातून वगळा असं लिहून देता येतं. मी काकांकडे पाहिलं. ते समुद्राकडे बघत होते.

काका माझ्याशी बोलले ते परतताना, फेरीबोटीवर. काकू आणि ज्युनिअर पुढे फोटो काढत होते. काका म्हणाले, "दादाने माझी फी भरली रे. चारही वर्षं. त्याच्याच खोलीवर राहून शिकलो मी. तो आजारी पडला तेव्हा नोकरी लागली होती मला. भेटायला जायचो, पण त्याच्याकडे चहा घ्यायचो नाही. इंजिनिअर होतो मी. चहाने होत नाही हे वाचलं होतं. तरी नाही घेतला."

मी काहीच बोललो नाही.

"मग ग्रीन कार्डाच्या वेळी मेडिकल आली. त्यात एचआयव्हीची टेस्ट. मला काही होणार नव्हतं, कारणच नव्हतं. तरी रिपोर्ट येईपर्यंत झोप नाही. दादाच दिसायचा. त्यानंतर ठरवलं, हा शब्द घरात नको."

ती टेस्टही इतिहासजमा आहे. एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेत शिरायला १९८७पासून बंदी होती, आणि कायमचं राहायला अर्ज केला की तपासणी व्हायची. ही बंदी ४ जानेवारी २०१०ला उठली. काकांची तपासणी २००९ची. म्हणजे एका पिढीच्या भारतीय कुटुंबांना एचआयव्ही भेटला तो सरकारी फॉर्मवरच्या एका ओळीच्या रूपात. पास झालो, सुटलो, विषय संपला. आमच्या श्रीवर्धन-म्हसळ्याकडून आखातात नोकरीला जाणाऱ्यांनाही व्हिसासाठी अशीच तपासणी द्यावी लागते. तिथे निकाल दोनच, फिट किंवा अनफिट. समजावून सांगणं हा त्या फॉर्मचा भाग नसतो.

इथल्या माणसाचा धंदाच बाहेर जाण्याचा. हरिहरेश्वर पेशव्यांचंही कुलदैवत. श्रीवर्धनचे भट सिद्दीच्या जाचाने घाटावर गेले, पुढे पेशवे झाले. नंतरचे गिरणीत गेले, आखातात गेले, न्यू जर्सीला गेले. जाताना देवाचा टाक बरोबर नेला, मसाल्याची पाकृ नेली, आणि ही न बोलण्याची सवयसुद्धा नेली.

आता तारखा एकापुढे एक मांडून बघा. भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा सापडली १९८६ साली, चेन्नईत, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांच्या तपासणीतून. १९९२ साली नॅको स्थापन झाली. पुण्यात लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. देहविक्रय न करणाऱ्या ३९१ बायका होत्या, त्यांतल्या साधारण चौदा टक्क्यांना एचआयव्ही होता, आणि त्यांतल्या बहुतेकींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी, नवऱ्याशी, संबंध आला होता. माझी मोठी काकू या अभ्यासात नव्हती. पण ती त्यातलीच एक होती.

१९९६पासून तीन औषधं एकत्र देऊन माणसं जगायला लागली होती, पण त्यांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. टेम्पोवाल्याने काय करायचं? २००१ साली मुंबईच्याच सिप्ला कंपनीने तीच औषधं सेवाभावी संस्थांना वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली आणि जगभरचं गणित बदललं. १ एप्रिल २००४पासून सरकारी रुग्णालयांत ही औषधं फुकट मिळायला लागली, पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जेजे होतं. मोठे काका पाच वर्षं आधी गेले. काकू २००५पासून औषध घेते आहे, आणि आज साठीला आली आहे.

रविवारी रात्री जेवणं झाल्यावर ओटीवर बसलो होतो. मी ज्युनिअरला म्हटलं, "काल तू ग्लासाचं विचारलंस ना." आणि सांगायला लागलो. एचआयव्ही असुरक्षित संबंधातून होतो, दूषित रक्तातून आणि सुईतून होतो, आईकडून बाळाला होऊ शकतो. ग्लासातून नाही, ताटातून नाही, मिठीतून नाही, डासातून नाही. आवाज कापत होता माझा. दारात काका उभे होते. आतून काकूही ऐकत असणार, कारण भांड्यांचा आवाज थांबला होता.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "आणि औषध रोज घेतलं, विषाणू रक्तात सापडेनासा झाला, की संबंधातूनही पसरत नाही. ते राहिलं तुझं सांगायचं. मला सेंटरवरच्या मॅडमनी सगळं समजावलंय. वर्षाला तपासणी असते. माझा येत नाही रिपोर्टमध्ये."

आम्ही तिघंही गप्प. सर्टिफिकेटवाले दोन इंजिनिअर आणि एक अमेरिकन नागरिक.

काकांनी विचारलं, "वहिनी, मग तो ग्लास?"

"सासूबाईंना बरं वाटायचं, म्हणून वेगळा ठेवला. त्या गेल्या, मग सवय झाली. तुम्हीपण कोणी कधी काही म्हणाला नाहीत, भाऊजी. मला वाटलं, तुम्हालाही तसंच हवंय."

एवढंच. रडारड नाही, भाषण नाही. २०१७ साली संसदेने एचआयव्ही असलेल्यांशी भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला, तो १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर, सगळं त्यात आहे. घरातल्या फळीवर तो कायदा पोचत नाही. तिथे कोणीतरी विचारावं लागतं. आमच्या घरात विचारायला पंधरा वर्षांचं, मराठी क्रियापदं चुकवणारं पोर लागलं.

हे लिहू का म्हणून काकूला फोन केला होता. म्हणाली, "लिही. गावाचं नाव नको घालूस. माझं तर नकोच." मग थोडं थांबून, "आणि १०९७ नंबर घाल. फुकट आहे, कोणालाही विचारता येतं." तर घालतो आहे. एचआयव्हीबद्दलची नॅकोची हेल्पलाइन, १०९७.

परवा ज्युनिअरचा मेसेज आला, रोमन लिपीतल्या मराठीत. शाळा सुरू झाली, या वर्षीही तो फॉर्म घरी आला होता. काकांनी वाचला आणि सही न करता परत दिला. खाली ज्युनिअरने विचारलं होतं, "मोठ्या काकूचा ग्लास आता कुठे आहे?"

मी गावी फोन करून विचारलं. बाकीच्या ग्लासांत आहे म्हणाली, आता शोधावा लागतो.